तळहातावरचे दीड किलोमीटर

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की आजीच्या पदकाला फीत का नाही. धाकट्याला तर ते पदक खोटंच वाटलं, कारण त्याच्या शाळेत मिळणाऱ्या सगळ्या पदकांना रंगीत फिती असतात. मी "सांगते नंतर" म्हणाले, कारण फोनवर मला क्रमाने बोलता येत नाही. मध्येच तुमच्यापैकी कोणाला तरी शाळेची बस गाठायची असते. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढते आहे. जिथे अडेल तिथे आईला विचारा.

सुरुवात जिन्यापासून करायला हवी. आपल्या लातूरच्या घराचा जिना बाहेरून आहे, एकवीस पायऱ्यांचा. तुमचे आजोबा रोज सकाळी गच्चीवर जाऊन टाकीत किती पाणी आलं ते बघायचे. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ते अकराव्या पायरीवर थांबले, छातीवर हात ठेवला आणि मागे वळून मला म्हणाले, "थांब जरा." मी खाली उभी होते, हातात परसातल्या शेवग्याच्या शेंगा होत्या. ते पायरीवर बसले, नंतर उठले नाहीत. एवढं तुम्हाला माहीत आहे.

पुढचं माहीत नाही. त्या दिवसापासून माझं काळीज जरा जोरात वाजलं की मी जिथे असेन तिथे थांबायची आणि छातीवर हात ठेवायची. बाजारात, अंगणात, एकदा तर रस्ता ओलांडताना मधोमध. हाताखाली ती चांदीची डबी लागायची, जिला तुम्ही लहानपणी माझ्या मांडीवर बसून 'आजीचं घड्याळ' म्हणत होतात. ते घड्याळ नव्हे. तिला करडगी म्हणतात आणि तिच्यात आपलं इष्टलिंग, म्हणजे छोटं शिवलिंग, असतं. आपल्या लोकांत ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालतात आणि अंगावेगळं करत नाहीत. सकाळी आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, विभूती लावायची, पाणी घालायचं, फूल वाहायचं आणि काही वेळ नुसतं बघत राहायचं. मग चहा. लहानपणापासून माझी एकही सकाळ याच्याशिवाय गेलेली नाही. हैदराबादला इंग्रजी शाळेत होते तेव्हासुद्धा वसतिगृहाच्या गॅलरीत एका कोपऱ्यात बसून मी हे करायची आणि मग प्रार्थनेच्या रांगेत जाऊन उभी राहायची.

डॉक्टरांनी मला सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासलं. हृदय ठणठणीत आहे म्हणाले. भीती दाखवणारं यंत्र मात्र अजून निघालेलं नाही, असंही म्हणाले.

आणि तिकडे तुम्ही. तुम्ही एकदा फोन हातात धरून मला तुमचं घर दाखवलंत, रस्त्यापासून दारापर्यंत. टेकडीवरचं घर, आणि वर जाणारा दगडी जिना. धाकटा मोजत मोजत चढला, चाळीस पायऱ्या. मग त्याने विचारलं, आजी कधी येणार. मी व्हिसा म्हणाले. नंतरच्या वर्षी गुडघे म्हणाले. त्यानंतर थंडी. बाळांनो, यातलं काहीच खरं नव्हतं. मला त्या चाळीस पायऱ्यांची भीती वाटत होती, आणि ते तुम्हाला सांगण्याचीही. या भीतीतच दिवस काढले तर तुमचं घर मी फोनच्या काचेतूनच बघणार, हे मला दिसत होतं.

म्हणून मी मैदानावर जायला लागले.

हिवाळ्यात पहाटे लातूरच्या मैदानावर धुकं जमिनीलगत असतं. माणसांचे पाय दिसत नाहीत, वरचा भाग तेवढा तरंगत जातो. दूरच्या डाळमिलकडून तुरीच्या टरफलांचा कोरडा वास येतो. आधी मी चालत होते, मग एक दिवस चालणं कुठे संपलं आणि पळणं कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. वेग म्हणाल तर शेजारून चालणारे लोक मला मागे टाकून जायचे. पण दोन्ही पाय एकाच वेळी क्षणभर जमिनीवर नसायचे, आणि त्या क्षणात मी कोणाची कोणीच नसायची. वसतिगृहाच्या गॅलरीतली मुलगी आणि तुमची आजी एकाच श्वासात असायच्या.

मग काळीज वाजायचं, आणि मी थांबायची.

तिथे एक निवृत्त पोलीस जमादार लोकांना पळायला शिकवायचे. निलंग्याकडचे, डोक्यावर सदा लोकरीची टोपी. ते मला काही दिवस नुसते बघत होते. मग एकदा जवळ येऊन म्हणाले, "काकू, तुमी रोज त्याच निंबापाशी थांबून राहिल्या. झाडाला काय इचारता?"

मी सांगितलं की गळ्यातली डबी पळताना छातीवर आपटते, म्हणून थांबते. ते अर्धं खरं होतं. त्यांनी ओढणी छातीवरून आडवी घेऊन पाठीशी घट्ट बांधायला सांगितलं. डबी हलेनाशी झाली. मी मात्र निंबापाशी थांबतच राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले की मैदानाला गोल रस्ता आहे, तिथं थांबलं तरी माणूस घरीच असतो. एकदा सरळ रस्त्यावर पळून बघा. आणि त्यांनी नांदेडच्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत माझं नाव घातलं.

मी एक वही केली. डाव्या बाजूला तारीख, मध्ये अंतर, उजवीकडे कितीदा थांबले. उजवीकडचा आकडा शर्यतीच्या आठवड्यातही चारच्या खाली आला नव्हता.

जमादारांचा शर्यतीसाठी एकच नियम होता: त्या दिवशी अंगावर नवीन काही घालायचं नाही. नव्या बुटांनी लई लोकांची जत्रा वाया गेलेली त्यांनी पाहिली होती. मी तो नियम वहीत लिहून घेतला आणि तंतोतंत पाळला. जुने बूट, जुने मोजे, तीनदा धुतलेला कुडता. आणि मग निघायच्या आदल्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन करडगीसाठी नवा रेशमी दोरा आणला. जुना सुती दोरा माझ्या सासूबाईंनी वळलेला होता, घामाने आणि विभूतीने मळकट झालेला. मोठ्या कामाला निघताना देवाला नवा दोरा घालावा, ही आमच्याकडची रीत. मला त्या दोन गोष्टी एकमेकींशी संबंधित वाटल्याच नाहीत. बूट हे अंगावर घालायचं, दोरा हा देवाचा. जुना दोरा मी घडी करून देवघरात ठेवला.

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. तिथे माझी धाकटी बहीण राहते. ती मला अक्का म्हणते आणि त्या शब्दानंतर सहसा टोमणा येतो. जेवताना तिने ऐकवलं की लोक या वयात काशीला जातात, आमची अक्का बूट घालून नांदेडला आली. पण सकाळी माझ्या आधी उठून तिनेच पूजेची तयारी केली होती. लिंग तळहातावर घेतलं, नवा दोरा चमकत होता. तिने तो बोटाने चाचपला आणि म्हणाली, "अक्का, हा लईच गुळगुळीत हाय." मी घाईत होते.

गोदावरीकाठच्या रस्त्यावर उजाडायच्या आत माणसं जमली होती. नदीवरून धुकं उठत होतं आणि गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाचे सूर पाण्यावरून येत होते, कधी जवळ, कधी दूर. शिट्टी झाली तेव्हा मला आवाज ऐकू आल्यासारखं वाटलंच नाही. सगळे हलले आणि मीही हलले. तरुण पोरं पाखरांच्या थव्यासारखी पुढे निघून गेली आणि थोड्या वेळाने मी, धुकं आणि खूप मागून हळूहळू येणारी एक पांढरी गाडी, एवढेच उरलो. जे चालू शकत नाहीत त्यांना ती गाडी उचलून घेते.

पहिल्यांदा मी एका पिंपळापाशी थांबले. दुसऱ्यांदा एका कुलूप लावलेल्या टपरीपाशी. प्रत्येक वेळी हात छातीवर, डबी हाताखाली, श्वास बसला की पुढे. सरळ रस्त्यावर थांबलं की आपण कुठेच नसतो, हे मला कळलं.

साडेतीन किलोमीटरची पाटी दिसली आणि काळीज पुन्हा वाजायला लागलं. मी थांबले, हात छातीवर नेला. हाताखाली काहीच नव्हतं.

ते क्षण कसे सांगू? धुकं तसंच होतं, कीर्तन तसंच चालू होतं. सासूबाई म्हणायच्या, लिंग पडलं की माणूस पडला. मी कुडत्याच्या गळ्यातून हात आत घातला. डबी घसरून ओढणीच्या बांधलेल्या पट्ट्यात अडकली होती. घामाने त्या रेशमी दोऱ्याची गाठ सुटली होती आणि दोरा कुठे गळून पडला ते कळलंच नव्हतं. जमादारांच्या बांधण्याने डबी वाचली होती. मी ती बाहेर काढली आणि सवयीने डाव्या तळहातावर घेतली.

आता ठेवणार कुठे? कुडत्याचा खिसा कमरेखाली, तिथे लिंग ठेवत नाहीत. बांधायला दोरा नाही. मागे पांढरी गाडी जवळ येत होती. तिच्यात बसले असते तर कोणी हसलं नसतं. मी उभी होते आणि पहिल्यांदाच माझ्या छातीवर डबी नव्हती, हातही नव्हता. आत काळीज एकटंच वाजत होतं, मोठ्याने, कशाच्याही आडोशाशिवाय.

समोर पाण्याचं टेबल होतं. तिथे एक म्हातारे सरदारजी स्टीलच्या पेल्यातून पाणी देत होते. त्यांनी माझा उघडा तळहात पाहिला. "माताजी, हाथ में क्या है?"

"देव आहे," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात जोडले, माझ्याकडे नाही, हाताकडे. मग पेला माझ्या उजव्या हातात दिला आणि म्हणाले, "फिर रुको नक्को."

मी पाणी प्यायले आणि निघाले. डावा हात छातीसमोर, तळहात वर, बोटं किंचित मिटलेली, जसा रोज सकाळी धरते तसा. पूजेत नजर हातावर असते. इथे समोर रस्त्यावर ठेवावी लागत होती. न बघता हात हलू नये म्हणून पाऊल आपोआप हलकं पडायला लागलं. काळीज वाजत होतं. वाजू दिलं. उजवा हात मोकळा होता, तो एकदाही छातीकडे गेला नाही. कदाचित सकाळची पूजा संपलीच नव्हती, नुसती लांबत लांबत रस्त्यावर आली होती. नदीवर सूर्य कधी वर आला ते मला आठवत नाही. धुकं सोनेरी झालं होतं आणि त्यातून तुमचे आजोबा गच्चीवरून टाकीत पाणी आल्याचं सांगतायत असं मला स्पष्ट ऐकू आलं. मी त्यांना हो म्हटलं आणि पळत राहिले.

दीड किलोमीटर. थांबले नाही.

शेवटच्या कमानीपाशी एका मुलीने माझ्या गळ्यात पदक घातलं. बहीण रडत होती आणि ते लपवण्यासाठी माझा हात बघून म्हणाली, "हे काय, परसाद वाटून राहिलीस का?" मी तिला सांगितलं. मग तिनेच पदकाची फीत सोडवली. कोरी होती, घट्ट विणीची. आम्ही दोघी घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेलो. फीत गोदावरीत धुतली, पिळली, तिच्यात करडगी ओवली आणि बहिणीने माझ्या मानेमागे एकावर एक तीन गाठी मारल्या. पदक तिने पर्समध्ये टाकलं.

लातूरला परतल्यावर मी सासूबाईंचा जुना दोरा पुन्हा घातला. फीत घडी करून देवघरात ठेवली आहे. पदकाला परत लावायला मन होत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. घाटाच्या पायऱ्या वर चढताना बहिणीने हात पुढे केला, मी घेतला नाही. पायऱ्या मोजत होते. अकरावी आली, पाय जडच होते, काळीज वाजतच होतं. बारावी आली.

तिकिटाचं तुमच्या बाबांशी बोलले आहे. मी आले की कोणी जिना उतरून मला हात द्यायला खाली धावू नका. वर दारातच थांबा. मी येते.