मोठ्या सिस्टर घरी आल्या

मोठ्या सिस्टर पेशंटला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर खसाखसा घासायच्या. मे महिन्यातसुद्धा. आम्ही मुली मागे उभ्या राहून हसायचो आणि त्यांना ते ठाऊक असायचं. "थंड हात लागलो की माणूस आदी भियेता," एवढंच म्हणायच्या. चर्चच्या रुग्णालयाचं नर्सिंग कॉलेज त्याच चालवायच्या आणि आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या मुलींना शिष्यवृत्तीही त्याच मिळवून द्यायच्या. ती मिळाली नसती तर बारावीनंतर मी गावी, मसुऱ्यात, काजू गोळा करत राहिले असते.

गळ्यात क्रूस, पण परीक्षेचं वेळापत्रक लावण्याआधी आम्हाला विचारायच्या, "भराडीची तारीख लागली काय गो?" आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस तिच्याच कौलाने ठरतो, कॅलेंडरात शोधून मिळत नाही. बाहेरगावच्या शिक्षिका वैतागायच्या. सिस्टर थांबायच्या.

मी पहिल्या वर्षाला असताना बाबा त्या जत्रेला नवस फेडायला अनवाणी चालत गेले. अंगात साखर, पायात काटा मोडलेला, आणि सांगितलं कुणालाच नाही. जखम चिघळली तेव्हा मला घरी बोलावून घेतलं ते परत पाठवेचनात. डॉक्टरचं नाव काढलं की खेकसायचे. वॉर्डातली हजेरी तुटली की शिष्यवृत्ती बंद, असा नियम होता. मी चुलीपुढे बसून रडायची.

एका दुपारी सिस्टर एसटीने आल्या. बाबांनी उंबऱ्यातच ऐकवलं, "माझ्या चेडवाक परक्याची घाण काढूक मी धाडूचंय नाय." सिस्टरनी आईकडे गरम पाणी मागितलं, जखम पाहिली आणि तपेली माझ्याकडे सरकवली. बाबांनी पाय ओढून घेतला. लेकीने जखम धुवायची, याची त्यांना लाज वाटत होती.

"परक्याची काढता ता, मगे बापाशीची काढूक नको?" सिस्टर म्हणाल्या.

मी त्यांच्यासारखेच तळवे घासले आणि पाय मांडीवर घेतला. पू धुतला, पट्टी बांधली. बाबा वर वाशांकडे बघत राहिले, डोळे पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. पट्टीची गाठ बसली तसे म्हणाले, "ह्या चेडवाक घेवन जावा. आणि माकाय."

दोन बोटं गेली, पाय वाचला.

मी शेवटच्या वर्षाला आले आणि सिस्टरच आमच्या वॉर्डात येऊन निजल्या. आजार बरा होण्यातला नव्हता. सलाइन लावताना माझी सुई चुकली, पुन्हा चुकली. वॉर्डातल्या नर्सने ती माझ्याकडून मागितली, तर सिस्टर म्हणाल्या, "ताच लावंदे. माझो हात खंय पळान जाता?" निकाल लागण्याआधी त्या गेल्या. आई-बाबा असूनही मी पोरकी झाले, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

निकालानंतर बाबा काठी टेकत माझ्याबरोबर दफनभूमीत आले. फाटकाशी चपला काढायला वाकले, मी ओरडले तेव्हा कुठे थांबले. शुद्ध मराठी ते फक्त तहसीलदार कचेरीत बोलत. कबरीसमोर त्यांनी टोपी काढली आणि कचेरीत राहायचे तसे ताठ उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "आमची मुलगी नर्स झाली. तुम्ही बघायला पाहिजे होतं."