मनकर्णाबाईंची कोरी चिठ्ठी

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी गारवा. गॅसचा सिलिंडर आला. दुपारी तीनला महिला मंडळ, हजर सतरा. मला पुन्हा कोरी चिठ्ठी आली. ऑगस्टपासून तिसऱ्यांदा.

आमच्या छावणी भागातल्या चर्चच्या महिला मंडळात एक पद्धत आहे. दर मंगळवारी प्रत्येकीने आपली चिंता चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचं नाही, आणि बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकायची. मग डबा फिरतो. हाताला येईल ती चिठ्ठी घरी न्यायची, आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि फाडून टाकायची. मुलीचं लग्न, नवऱ्याची साखर, वाळूजच्या कंपनीतली कपात, असंच बहुधा असतं.

पण कोरी? या शहरात अशी कोण बाई आहे, जिला चिंताच नाही? मला तिचा थोडा हेवा वाटला आणि कुतूहल फार. चिठ्ठी खिडकीशी धरून पाहिली. कोपऱ्यावर बोटाएवढा तेलकट डाग होता. माझ्या रोजच्या वहीची मागची पानं उलटली, तर आधीच्या दोन्ही वेळीही मी "कोरी, तेलकट" असंच लिहिलेलं. वास घेतला. तिळाचं तेल.

तिळाचं तेल म्हणजे मनकर्णाबाई खरात. पडेगावातल्या निम्म्या बाळांची मालिश त्यांच्या पायांवर झाली असेल. माहेर सोयगावकडचं, वय सासष्ट, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. कुणाच्या घरी काही अडलं की बायका म्हणतात, "मनकर्णाबाईंना सांगा. त्या प्रार्थनेला बसल्या की उठत नाहीत." त्यांच्या कपाळावर आठी मी कधी पाहिली नव्हती. तेव्हा चिंता नसलेली बाई ती हीच, असं मी ठरवून टाकलं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. त्याच दिवशी आमच्या सेक्रेटरी मंजुषाने २ मार्चच्या महिला रविवारची, म्हणजे बायकांनी चालवायच्या उपासनेची, कामं वाटली आणि सगळ्यांसमोर बायबल वाचायचं, शास्त्रवाचनाचं काम मनकर्णाबाईंना दिलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि अनवाणीच फाटकापर्यंत गेल्या. चपलांसाठी परत आल्या, तेव्हा कुणाकडे पाहिलं नाही.

बुधवारी मी रिक्षा करून पडेगावला गेले. त्या ओसरीत पाय पसरून बसल्या होत्या. पोटऱ्यांवर शेजारचं तीन महिन्यांचं बाळ पालथं.

"या बाई, बसा. तुमची बी पाठ चोळून दिली असती, पर तुम्ही मावायच्या नाय ह्या पायावर."

मी सरळ विचारलं, "चिठ्ठी कोरी का टाकता? तुम्हाला कसलीच काळजी नाही?"

त्यांचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. "कोरी कुठंय? घडी घालायच्या आधी मी तिच्यात बोलते ना."

"म्हणजे?"

"मला लिहिता येत नाय, बाई. वाचता बी येत नाय. सहीपुरतं गिरवून घेतलंय."

एकोणीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून गात आले. गीतपुस्तक त्या नेहमी उघडं धरतात. पान कसं काढतात तेही सांगितलं: शेजारणीच्या पुस्तकात डावीकडं किती जाडी झाली ते बघायचं. गीतं तर पाठच.

"आणि आमच्या चिठ्ठ्या?"

"उशाला ठेवते. म्हणते, प्रभू, मला वाचता येत नाय, तुला येतंय. ह्यात काय हाय ते तू बघ. मी बसून हाय इथं."

"स्वतःच्या चिठ्ठीत काय बोलता?"

"एकच. मला कुणी वाचायला सांगू नये. दर मंगळवारी तेच. इतकी वर्षं त्यानं ऐकलं बी. आता ही मंजुषा! रातभर डोळा नाय लागला. घसा बसला म्हणून सांगू का?"

मी शिकवते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दोन हप्त्यात? अवो, हे लेकरू बी तेवढ्यात कुशीवर वळायचं नाय."

मग आम्ही प्रार्थना केली. मी चांगल्या शब्दांत केली. त्या फक्त "काय करू ते सांग" म्हणाल्या आणि इतका वेळ गप्प बसल्या, की बाळ झोपलं.

पुढच्या मंगळवारी, डबा फिरायच्या आधी, त्या उभ्या राहिल्या. पदराचं टोक मुठीत. "मला वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं. मी लपवलं."

मंजुषाने यादीतून मान वर केली नाही. आवडाबाई, आमच्यात सगळ्यांत मोठ्या आणि फटकळ, म्हणाल्या, "म्हंजी मी सुनेबद्दल जे जे लिहिलं, ते तुझ्या हाती आलं तरी तुला कळलं नाय?"

"नाय, आवडाबाई."

"मग इथून पुढं माझी चिठ्ठी हिलाच देत जा गं!"

सगळ्या हसल्या. मनकर्णाबाईही हसल्या, डोळे पुसत. मंजुषाने यादीत खाडाखोड केली: वाचन आवडाबाई, प्रार्थना मनकर्णाबाई.

निघताना मी विचारलं, "इतकी वर्षं ऐकलं, मग देवानं याच वेळी का नाही ऐकलं?"

"मागणंच चुकीचं व्हतं, बाई. मी म्हणायची, लपव. त्यानं लपवलं. पर लपलेल्या माणसाला रोज भ्यावं लागतं. आता म्हटलं, मी उभी राहते, तू धर."

"धरलं?"

"पाय तर लटपटत व्हते. पर पडले कुठं?"

मी सत्तर वर्षं प्रार्थना करते आहे, शब्द नीट लावून. मागणंच बदलून पाहावं, हे मला सुचलं नव्हतं. त्याचा अजून विचार करते आहे. मनकर्णाबाई माझ्याबरोबर घरी आल्या, दोन कप चहा प्यायल्या, भरपूर बोलल्या आणि दिवेलागणीला गेल्या.

वहीत लिहिलं: आज अर्धा लिटर दूध जास्त घेतलं. आलं संपलं.