भागीरथीकाकूंची हिंडती शेगडी

भागीरथीकाकूंना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. जेवायच्यासुद्धा त्या उभ्यानंच. एक घास चुलीपाशी, दुसरा गोठ्याच्या दारात. थंडी पडली की त्यांच्या हातात एक मातीची शेगडी यायची. तिला तार गुंडाळून उचलायला कडी केलेली होती. काकू परसात गेल्या की शेगडी परसात, ओसरीवर आल्या की ओसरीवर. जरा टेका म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "बसलं का थंडी धरते माणसाले."

मी पुण्याकडून अमरावतीला एका कापसाच्या शेठजीकडे कारकून म्हणून आलो आणि परकोटाच्या आत, काकूंच्या घरी पुढच्या खोलीत बिऱ्हाड केलं. दिवस मोठे उलघालीचे होते. साता समुद्रांपलीकडे कुठे लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला राजाचा मान आला होता. भाव आज चढला म्हणून लोकांना झोप नसे आणि उद्या आणखी चढेल म्हणूनही नसे. काकूंचे यजमान आबाजी दिवसातून दहादा रस्त्यावर जाऊन गाडीवानांना भाव विचारत. दर्यापूरकडच्या शेताचा सगळा कापूस त्यांनी घरात भरून ठेवला होता. ओसरी भरली, माजघर भरलं, देव कोनाड्यात आक्रसून बसले. ठिणगीच्या भीतीनं चूल परसात गेली, दिवा लावायचा तोही अंगणात, आणि काकूंच्या शेगडीला उंबऱ्याच्या आत मज्जाव झाला. पौषाचा महिना, जाड मातीच्या भिंती आणि विस्तव नाही. घर नुसतं गारठून गेलं. मी आपला माझ्याही खोलीत आलेल्या कापसाच्या ढिगाऱ्यात भोक पाडून झोपत असे. एका सकाळी आबाजींनी ते भोक पाहिलं आणि काठी घेऊन आले. "कापसात कुत्रं निजून राहिलं," असं ते काकूंना सांगत असताना मी आतून डोकं बाहेर काढलं.

अशात काकूंची लेक गोदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवी, निखाऱ्यावर ओव्याची धुरी हवी. त्यावाचून बाळंतपण काकूंना ठाऊक नव्हतं. आबाजींनी परसातल्या छपरात बाज टाकायला सुचवलं. काकू म्हणाल्या, तिथं तुम्ही निजा. दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी असं ठरलं की ठिणगी बाहेर उडणार नाही अशी शेगडी मिळाली तर ती घरात येऊ द्यायची. ती निवडायला कोण जाणार, एवढंच राहिलं होतं. शहाण्यानं अशा वेळी विड्याचं पान जुळवत बसावं. मी उठलो.

कुंभाराकडच्या शेगड्या उघड्या तोंडाच्या, म्हणून नापास केल्या. तांबटाकडे जाळीच्या झाकणाची पितळी शेगडी होती, पण जाळी इतकी बारीक की झाकण लावलं की निखारे विझत. तेवढ्यात कळलं की छावणीतला एक साहेब बदलून चालला आहे आणि त्याच्या सामानाचा लिलाव आहे. तिथं मला ती दिसली. बिडाची विलायती शेगडी, सिंहाच्या पंजांचे चार पाय, पुढे कडीचं दार. विस्तव आत कोंडला की ठिणगीला जन्मठेप, असा विचार करून मी बोली लावली. माझ्याविरुद्ध कुणीही बोलत नव्हतं, यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

चार माणसांनी ती गाडीतून उतरवली. काकूंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कान धरून उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भाऊ, ही शेगडी हाय का मारुतीचं देऊळ? शेगडी आपल्यामागं आली पाह्यजे. हिच्यामागं आपुन जाचं का?"

अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घालून ती पेटवली. धुराला वर जायला नळ लागतो, आणि नळ लिलावात वेगळा विकला गेला होता. कुणी तरी तो पन्हाळ म्हणून घेऊन गेलं होतं. तेव्हा धूर आला तो दारातून, थेट माझ्या तोंडावर. आबाजींना खोकताखोकता हसू आवरेना. कापूस वाचला म्हणून त्यांना फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदू मोकळी झाली. मुलगी. पण पोर रडेना. हातपाय गार, ओठ निळसर. सुईण ओसरीवर येऊन म्हणाली, आत शेक पाहिजे, आत्ता पाहिजे. आबाजींनी माजघराकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"चार दिवस कळ काढ. भाव चढून राहिला."

"भावाले थांब म्हना," काकू म्हणाल्या. "पोरीले मी नाही म्हनत."

त्यांनी पदर खोचला आणि कवेत मावेल तेवढा कापूस उचलून अंगणात फेकला. मग दुसरी कव. मग तिसरी. थोडा वेळ मी पाहत राहिलो आणि नंतर मीही फेकू लागलो. आबाजी दोघांच्या मध्ये हात पसरून फिरत होते. पाखरं हाकलावीत तसे. आधी बाळंतिणीची खोली मोकळी झाली. मातीची शेगडी उंबरा ओलांडून आत गेली, बाजेखाली बसली, ओवा तडतडला. पण माजघर मोकळं होईपर्यंत काकू थांबल्या नाहीत. आतून बारीक, चिडका आवाज आला तेव्हाच त्यांच्या हातातला कापूस गळला आणि त्या अंगणातल्या ढिगावर मटकन बसल्या. बसल्या म्हणजे किती, डोळे पुसण्यापुरत्या.

दिवस मावळला की दंव पडणार आणि उघड्यावरचा कापूस भिजणार. तेव्हा संध्याकाळच्या आत तो विकणं भाग होतं. मी तसाच शेठजींकडे धावलो. माझ्या पागोट्यातून, मिशांतून कापूस लोंबत होता. शेठजींनी आधी स्वतःची वखार तपासली, मग माझ्याबरोबर आले. आबाजींनी मिळेल त्या भावाला होकार दिला आणि पुढचे कित्येक दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग ती दूरची लढाई थांबली. भाव असा कोसळला की घरंच्या घरं भरलेला कापूस घेऊन माणसं सुन्न बसून राहिली. आबाजी मात्र पारावर बसून सांगू लागले की आपल्याला वारा आधीच कळला होता. लोक काकूंनाही विचारायला येत, तुमाले कसं समजलं? काकू चालताचालता सांगत, "मले काय समजते बापा? पोर गारठून राहिली होती."

विलायती शेगडी गोठ्याशी पडून राहिली. पुढच्या वर्षी तिच्यात मांजर व्यालं. "भाऊ, तुमच्या शेगडीत बाळंतपण झालं," असा निरोप काकूंनी मुद्दाम मला अकोल्याला पाठवला. तोवर माझी नोकरी तिकडे गेली होती.

पुष्कळ वर्षांनी, अशाच थंडीत, काकू आजारी असल्याचं कळलं म्हणून अमरावतीला गेलो. त्या अंथरुणावर होत्या. हे चित्रच मला पाहवेना. बाजेखाली तारेच्या कडीची शेगडी होती. पलीकडच्या खोलीत त्यांची नात, तीच ती, आपलं तान्हं घेऊन आजीला भेटायला आली होती. काकूंनी मला ओळखलं, किंचित हसल्या आणि हातानं बाजेखाली दाखवलं.

"हे अठी काहून जळून राहिली? तिकडं ने. लेकरू हाय तिकडं."

मी म्हटलं, काकू, तुम्हाला थंडी वाजेल.

"मी तं बसलोच आता," त्या म्हणाल्या.

मी वाकून कडी धरली आणि शेगडी पलीकडे नेली. माझ्या हातून योग्य जागी पोचलेली तेवढी एकच.