मांडीवरचं लेकरू, कमरेचा पट्टा: उदगीरहून नांदेडमार्गे मुंबई

उन्हाळाभर लेकराला घेऊन सासरी राहायचं ठरवलं होतं. पण यंदा उदगीरला नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नव्हतं. टँकरचं पाणी उकळून, गाळून पाजलं तरी नऊ महिन्यांच्या ईशानचं पोट धरेना. डॉक्टर म्हणाले, पाऊस पडेपर्यंत याला इथून हलवा, आणि शक्यतो लांबचा प्रवास टाळा. नवरा मुंबईत नोकरीला. तो फोनवर म्हणाला, नांदेडहून विमानाने या.

लेकरासाठी वेगळी सीट घ्यावी, असं मी सुचवून पाहिलं. गाडीतली त्याची खुर्ची काही विमानांत चालते, आधी विचारावं लागतं, हे मी वाचलं होतं. नवरा हसला. "दोन वर्षांखालची लेकरं सगळेच मांडीवर नेतात. तू काय जगावेगळी?" तिथे विषय संपला. मी एकटी कशी जाणार, म्हणून सोबत सासरे निघाले. अप्पांचं उदगीरच्या बाजारात भांड्यांचं दुकान. विमानात पहिल्यांदाच बसणार होते.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर मुखेड, नरसी, नायगाव असा रस्ता आहे. तीन तास धरा, लेकरू सोबत असेल तर चार. उन्हं चढायच्या आत निघालेलं बरं. मुखेडपर्यंत खड्डे आहेत, पुढे रस्ता बरा. दोन्ही बाजूंची रानं उघडी पडलेली. एका फाट्यावर टँकर उभा होता आणि बायका निळे ड्रम रांगेत लावून सावलीला बसल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "अप्पा, उदगीर जिल्हा होणार म्हणायलेत. मग सुधारणा हुईल."

"जिल्हा करा न्हाई तर देश करा," अप्पा म्हणाले, "नळाला काय येणार हाय ते सांग आधी."

नायगावला सुशीला खाल्ली. चुरमुऱ्यांची असते, वर शेंगदाण्याचा कूट, सोबत तळलेली मिरची. लेकराचं पाणी आणि पेज मात्र घरूनच न्या.

विमान लहान होतं, एका बाजूला दोनच सीट. खिडकीशी अप्पा, रस्त्याकडेला मी. पलीकडच्या बाजूला, एक ओळ पुढे, एक तरुण जोडपं होतं. त्यांच्या मुलीच्या पायात काळे मणी होते, आणि ती ईशानएवढीच असेल. हवाईसेविकेने आम्हा दोघींना एकेक छोटा पट्टा आणून दिला. तो आईच्या पट्ट्यात ओवायचा आणि लेकराच्या पोटावर वेगळा लावायचा. मी विचारलं, माझ्याच पट्ट्यात घेतलं तर चालत नाही का? ती म्हणाली, "नाही मॅडम. झटका बसला तर तुमचं सगळं वजन बाळावर येतं." लेकराला छातीशी बांधायची माझी झोळीही उड्डाणाच्या वेळी काढून ठेवायला लावली.

अप्पांना ते पटलं नाही. "वासरावानी काय बांधायलीस त्याला? आईची मांडी हाय की." मी बांधलं. चाकं जमिनीवरून सुटताना त्याला पाजत राहिले, त्याने कान दुखत नाहीत. तो झोपला. अप्पा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून डोळे मिटून बसले.

पुढची मुलगी मात्र रडत होती. आई तिला थोपटत होती. शेजारी बसलेला तिचा नवरा आधी कुजबुजला, मग सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "सोड ना तो पट्टा. टोचायलाय तिला. लोकं बघायलेत."

"पट्ट्याचा दिवा चालू हाय अजून."

"सोड म्हणालो ना."

तिने सोडला. मुलगी खांद्यावर गेली आणि गप्प झाली. सेविका मागे होती, तिने ते पाहिलं नाही.

विमान उतरायला लागलं आणि ढगात शिरलं. दोनदा हलकं हललं. तिसऱ्यांदा एकदम खाली गेलं. ईशान माझ्या हातांतून वर उचलला गेला, पट्ट्याने धरला आणि परत मांडीत बसला. एवढं सगळं झाल्यावर माझे हात आवळले गेले. हाताला कळेपर्यंत लेकरू हातात नसतं, हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं.

पुढच्या ओळीत ती मुलगी वर गेली. डोकं छताच्या कडेला लागल्याचा आवाज आला, मग ती सीटच्या हात टेकायच्या दांडीवर पडली. आईने झडप घालून तिला उचललं. नाकातून रक्त येत होतं. मुलगी किंचाळली, आणि थोड्या वेळाने गप्प झाली. ते गप्प होणं जास्त वाईट होतं.

"एवढंसं लेकरू धरता येत न्हाई तुला?" नवरा म्हणाला.

ती पदराने मुलीचं नाक पुसत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, आईचं लक्ष पाहिजे. आणखी कोणीतरी म्हणालं, आजकालच्या मुली.

मी म्हणाले, "त्यांनी बांधलं होतं. सोडायला तुम्ही लावलं."

तो वळला. "ताई, तुम्ही तुमचं लेकरू बघा."

अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "गप बस पोरी. दुसऱ्याच्या घरातलं हाय. पण बाईनं धरायला पाहिजे होतं, हे खरं."

उतरल्यावर आधी त्यांना नेलं. शिडीखाली रुग्णवाहिका उभी होती. ती मुलीला छातीशी धरून उतरली, नवरा मागून बॅगा घेऊन. मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. कोणाला विचारायचं तेही कळलं नाही. पट्टा परत घेताना सेविका म्हणाली, "तुमचं बाळ ठीक आहे ना?" मी हो म्हणाले. मला लाज वाटली.

पाऊस पडल्यावर आम्ही रेल्वेने उदगीरला परत आलो. ईशान आता भिंतीला धरून चालतो. अप्पा दुकानात येईल त्याला विमानाची गोष्ट सांगतात. "एका बाईनं लेकरू हातातून सोडलं बघा. आमच्या सुनेनं कसं घट्ट धरलं होतं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "अप्पा, मी धरलं नव्हतं. पट्ट्यानं धरलं." ते म्हणाले, "तेच की." गिऱ्हाईक माझ्याकडे कौतुकाने बघत होतं. त्या गोष्टीत पट्टा अजूनही येत नाही आणि तिचा नवराही येत नाही.

माझी नणंद शिवलीला पुढच्या महिन्यात हैदराबादहून दिल्लीला विमानाने जाणार आहे. तिची मुलगी सहा महिन्यांची आहे. काल स्वयंपाकघरात मी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता. पट्टा मागून घे, दिवा विझेपर्यंत सोडू नकोस, कोणी काही म्हणो. तिने भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं.

"खरं हाय वहिनी," ती म्हणाली. "पण ह्यांना न्हाई आवडायचं लेकराला बांधलेलं. आणि माझी पकड घट्ट हाय."