पाळकसाहेबांचा वार्षिक फॉर्म

जयपूरला आमच्या रेल्वे कॉलनीजवळच्या चर्चचे पाळकसाहेब नगरकडचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून ते माझ्याकडे चहाला यायचे. दर दोन वाक्यांनी “खरं की नाही?” विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता चहात बिस्कीट बुडवायचे.

दर डिसेंबरात त्यांना स्वतःच्या वर्षभराच्या वागणुकीचा फॉर्म भरून वरिष्ठांना पाठवावा लागे. साक्षीदार म्हणून सही माझी. “तुम्ही चर्चला येत नाही, म्हणजे माझी भीड नाही. खरं की नाही?”

एका वर्षी ‘कोणाचं मन दुखावलं का?’ यापुढे त्यांनी ऐटीत ‘नाही’ लिहिलं. मी नुसता खाकरलो. पेटी वाजवणाऱ्या बाईंना त्यांनी भर चर्चमध्ये बेसूर म्हटलेलं कॉलनीभर झालं होतं. ते उठले, स्कूटरवरून मालवीय नगरला बाईंच्या घरी जाऊन आले आणि ‘नाही’ खोडून लिहिलं, ‘होय. माफी मागितली. पेटी अजून बेसूरच.’

मी हसत सही केली. तेवढ्यात त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “जास्तीचा आलाय. तुम्हीही भरा.”

समोर मटार सोलणारी माझी बायको थांबली.

“वहिनी, साक्षीदार तुम्ही. खरं की नाही?” म्हणाले, आणि या वेळी उत्तराची वाट बघत बसले.