नायट्रोजनच्या कॅनमधली फिल्म

स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. पीएच.डी.च्या वर्षांत तर नाहीच नाही. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर गॅमा किरण सोडायचे आणि मग तिच्यावर अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडच्या साखळ्या वाढवायच्या, म्हणजे पाणी झटकणारं प्लॅस्टिक पाणी धरू लागतं, असं माझं काम. अट एकच. अ‍ॅसिडमध्ये बुडवेपर्यंत फिल्म कडक थंडीत हवी, नाहीतर किरणांचा असर उतरतो. नेमका प्रयोगशाळेचा फ्रीजर बंद पडला आणि तिकडे गावी धाकट्या बहिणीची सुपारी फुटायची होती. बर्फाच्या डब्यात फिल्मची नळी घेऊन मी केजची एसटी पकडली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध सोसायटीतर्फे कृत्रिम रेतनाने गायी भरवायचे. रेतमात्रा, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य, ठेवायला सोसायटीत द्रव नायट्रोजनचा कॅन होता; थंडी कमी पडली की ते मरतं. त्यात त्यांनी माझी नळी सोडू दिली.

"पण झाकण सारखं उघडू नको बरं. नायट्रोजन उडून जातो. भरायची गाडी कवा येईल, भरवसा न्हाई."

दुष्काळाचं वर्ष होतं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेल्यांचा संसार दुधावर. आणि माझा जीव त्या नळीत. तडकली असेल का? बूच निघालं असेल का? घरात पाहुणे बसलेले असताना मी चोरून सोसायटीत जायचे. चार दिवसांत किती वेळा झाकण काढलं, कोण जाणे.

निघायच्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंची गाय माजावर आली. त्यांची ती एकुलती गाय. नायट्रोजन किती उरला ते बघायला अण्णांनी कॅनमध्ये पट्टी घातली. पट्टीचं जेमतेम टोक गोठून पांढरं झालं, म्हणजे तळाशी थोडासाच उरला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आहे ती रेतमात्रा घेऊन ते गायीकडे गेले, मी नळी घेऊन स्टँडवर.

फिल्मला उरलेली थंडी पुरली. साखळ्या छान चढल्या, सर खूश झाले. गाय मात्र तीन आठवड्यांनी उलटली, गाभ न धरता परत माजावर आली; तोवर कॅन भरायची गाडी आलीच नव्हती. पुढे चारा संपला आणि ती पुन्हा माजावर आलीच नाही.

"जनावर लई अशक्त हाय, गाभ धरत न्हाई," असं अण्णांनी काकूंना सांगितलं. हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, याची मला आजही लाज वाटते. मी तरी कुठे खरं सांगितलं!

वर्षाने गावी गेले तेव्हा काकूंनी हाताला धरून घरात नेलं.

"तुझं ते प्लॅस्टिक जमलं का गं?"

"जमलं."

"लई बरं झालं बाई," त्या म्हणाल्या आणि कोऱ्या चहाचा कप त्यांनी माझ्या हातात दिला.