आज काय रांधलं?

मुंबईहून फोन आला तेव्हा मी भद्रावतीच्या आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापत होतो. सुधाकर गेला... हार्ट अटॅक. मागच्या दिवाळीत याच बाकावर बसून त्यानं चिवड्याचा अख्खा डबा संपवला होता, आणि एका मोठ्या नटाची नक्कल करून मला हसवून बेजार केलं होतं. असा माणूस जातो कसा? मला तर आधी रागच आला.

तळ्यावर मासे धरणारं त्याचं घर. नव्वदच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी मिळून हा स्टुडिओ टाकला. आमच्याकडे कॅमेऱ्यापुढं माणूस बसला की खांबासारखा ताठ. बायका तर श्वाससुद्धा सोडत नसत. सुधाकर कुणाला ‘हसा’ म्हणायचा नाही. विचारायचा, "बाई, आज काय रांधलं?" बाई मनानं चुलीपाशी पोचायची, चेहरा सैल व्हायचा आणि खटका! काय एकेक फोटो निघायचे, अहाहा! एकच बाई त्याला बधली नाही, त्याची माय. "भिंतीवर मेलेल्याचे फोटू राह्यतात. मी जित्ती आहो ना अजून!" म्हणून तोंडावर पदर ओढायची. त्याला ते फार लागायचं.

मग तो मुंबईला गेला, फॅशनचे फोटो काढणाऱ्या एका उस्तादाकडे लाइट धरायला. एक दिवस उस्ताद आजारी, सिनेमाची नटी नटूनथटून बसलेली, कॅमेरा सुधाकरच्या हाती. जमलं नाही तर परत भद्रावती! नटी ठेवणीतलं हसू चिकटवून बसली होती. घाबरून याच्या तोंडून गावचंच निघालं, "बाई, आज काय रांधलं?" ती आधी चक्रावली, मग अशी खळखळून हसली... तोच फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर! फोनवर नुसता ओरडत होता, "जमलं ना बे! आता मी इथीच राह्यतो!" मी वरोऱ्याच्या स्टँडवर ते मासिक घेतलं आणि बसमधल्या अनोळखी माणसांनाही दाखवत सुटलो. पुढं नट, गायक, क्रिकेटवाले, साड्यांच्या जाहिराती... सगळ्यांना तोच प्रश्न. गावी आला की मात्र कॅमेरा मायपुढं. "साऱ्या दुनियेचे काढले, तुयाच राह्यला," म्हणायचा. माय पदर ओढायची.

तेरवी झाली. त्याचा फोटो मी स्टुडिओतच लावला, बाकासमोरच्या भिंतीवर. गेल्या आठवड्यात माय आली, नवं लुगडं नेसून. बाकावर बसली, पदर मागं सारला.

"काढ बाप्पा माया फोटू. त्याच्या बाजूले लाव. एकटाच हाये तो तिथी."

"माय, तू तर..."

"जित्ती असली म्हणून काय झालं?"

मी कॅमेरा डोळ्याला लावला. विचारलं, "माय, आज काय रांधलं?"

ती माझ्या डोक्यावरून त्याच्याकडं बघत म्हणाली, "झिंगे. त्याले लय आवडते."

फोटो थोडा हलला आहे. तरी तोच लावला.